गाडीबाहेरचे एंजिन

नृसिंहवाडीत राहणाऱ्या माणसाचे पाण्याशी असलेले नाते थोडे विलक्षण असते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आमचे गाव वसले आहे. पावसाळ्यात नदी चढू लागली की आम्ही घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या मोजतो. आणि पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले म्हणजे त्या दक्षिणद्वारी स्नान करावयास दूरदूरचे लोक येतात. इतक्या पाण्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तेच पाणी आणखी चढून गल्लीत आणि अंगणात येते, तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या पुरांत शिरोळ तालुक्यातील कित्येक घरांबरोबर अंगणातल्या मोटारीही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घर धुता येते. मोटारीचे एंजिन नुसते धुऊन भागत नाही.

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना वाटेल की, हा कारखानदारांचा विषय. आपल्या घरात त्याचे काय काम? पण ज्याच्या दारात मोटार आहे, आणि ज्याने तिच्या एंजिनाच्या दुरुस्तीचे बिल एकदा तरी दिले आहे, त्याचा या विषयाशी चांगलाच संबंध आहे. दुरुस्त केलेले एंजिन गाडीत बसविण्यापूर्वी बाहेरच चालवून पाहावे काय, आणि पाहावयाचे तर ते कशावर ठेवून, हा तो प्रश्न.

माझ्या घरासमोर एक कुटुंब आहे. आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून बासुंदी-पेढे करणाऱ्यांना पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय. २०१९ च्या ऑगस्टात त्यांची मालवाहू जीप पाण्याखाली गेली. एंजिन उतरविण्यात आले, सर्व भाग सुटे झाले, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे, नवी गॅस्केटे पडली आणि जुळवाजुळव होऊन ते थेट गाडीत बसले. गाडी सुरू झाली, नारळ फुटला, आम्ही शेजाऱ्यांनी पेढेही खाल्ले. तिसऱ्या दिवशी अंगणातील फरशीवर तेलाचा डाग दिसला. क्रँकच्या मागील टोकाचे सील नीट बसले नव्हते. ते सील दोन बोटांनी उचलता येईल एवढे. पण त्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, फ्लायव्हील काढावे लागते. मजुरी दुसऱ्यांदा पडली आणि नऊ दिवस दूध भाड्याच्या रिक्षाने गेले. कारागीर वाईट नव्हता. काम कोणत्या क्रमाने करावे, एवढेच काय ते चुकले होते.

त्या गोष्टीनंतर माझा एक जुना विद्यार्थी, ज्याचे जवळच गाडीदुरुस्तीचे दुकान आहे, तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, एंजिन बाहेर चालवून बघायला एक स्टँड पाहिजे. विकत घ्यावा का आपणच करावा?" वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या या मुलाने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. मी यंत्रशास्त्री नव्हे. परंतु निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, आणि शिक्षकाला प्रश्न टाकून देववत नाही. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि त्याच्या दुकानात उभे राहून शिकलो, तेच आज सांगत आहे.

प्रथम पाणी एंजिनाचे काय करते ते पाहू. सिलिंडरात पिस्टन वर येतो तेव्हा तो हवा दाबतो. पेट्रोलच्या एंजिनात ही हवा साधारण दहावा हिस्सा जागेत कोंबली जाते, डिझेलच्या एंजिनात सोळाव्या ते विसाव्या हिश्शात. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना कोणी किल्ली फिरविली तर वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो आणि त्याखालचा दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वाकतो. पुरातून निघालेली गाडी सुरू करून पाहू नये ती याचसाठी. तेलाच्या टाकीत पाणी शिरले की तेल ताकासारखे पांढुरके होते आणि त्याचे वंगणपण जाते. शिवाय नदीचा गाळ. तो इतका बारीक असतो की तेलाच्या वाटेने बेअरिंगांत जाऊन बसतो आणि कानशीप्रमाणे काम करतो. म्हणून असे एंजिन पूर्ण उघडावे लागते. आणि पूर्ण उघडलेले एंजिन पुन्हा जोडताना दहा ठिकाणी दहा चुका होऊ शकतात. यांपैकी बहुतेक चुका पहिल्या अर्ध्या तासात आपण होऊन दिसतात. प्रश्न एवढाच की, तो अर्धा तास एंजिन कोठे असावे?

ते गाडीत असेल तर त्याचा निम्माअधिक भाग नजरेस पडत नाही. बाहेर असेल तर चहूबाजूंनी फिरून, खाली वाकून, प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहता येते. हात लावल्यावर तेल लागते की नाही, याहून साधी परीक्षा नाही.

येथे खरेदी करणाऱ्याने एक घोटाळा टाळला पाहिजे. एंजिनाचा स्टँड या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक दुरुस्तीचा स्टँड. यात एंजिन मागच्या बाजूने चार बोल्टांवर टांगलेले असते आणि ते उलटेसुलटे फिरवून काम करता येते. भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीवर गाठोडे अडकवावे तसे ते दिसते. हा स्टँड स्वस्त, सुटसुटीत आणि आपल्या कामाला उत्तम. पण त्याच्यावर एंजिन चालवू नये. जीपसारख्या गाडीचे चार सिलिंडरांचे डिझेल एंजिन २०० ते २५० किलो भरते. ते एका बाजूने टांगलेले, त्यात त्याला थरथर आणि हिसके. बोल्ट सुटला किंवा वेल्डिंग तडकले तर खाली उभ्या असलेल्या माणसाचे पाय जातील. दुसरा तो चाचणीचा स्टँड. यात एंजिन गाडीत असते तसेच, त्याच्या स्वतःच्या आधारांवर, रबरी गाद्यांसह बसते. माझ्या विद्यार्थ्याने मला पहिल्या प्रकारच्या स्टँडचेच चित्र आणून दाखविले होते आणि "हा बसेल की खिशाला," म्हणाला होता.

चाचणीच्या स्टँडची रचना सांगण्यास सोपी आहे. लोखंडी चॅनेलची भक्कम चौकट, तिला रुंद पाय, समोर त्याच गाडीचा रेडिएटर, एका बाजूस बॅटरी, दुसऱ्या बाजूस इंधनाची लहान टाकी आणि डोळ्यांसमोर मीटरांची फळी. पुष्कळ एंजिनांचा स्टार्टर हा एंजिनाला नव्हे तर क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाला लावलेला असतो. म्हणून ते कवच एंजिनाबरोबर स्टँडवर घ्यावेच लागते. ते विसरले म्हणजे सर्व तयारी होऊन एंजिन सुरू कशाने करावे हा प्रश्न पडतो. क्लचची तबकडी मात्र काढून ठेवावी, कारण गिअरबॉक्सच्या दांड्यावाचून तिला तेथे काम नाही. स्टँडला चाके असावीत, पण चालविताना वजन चाकांवर नसावे. चार कोपऱ्यांना स्क्रूचे पाय खाली सोडून त्यांवर चौकट उचलावी. एंजिन एका दिशेने क्रँक फिरविते तेव्हा ते स्वतः उलट दिशेने कलू पाहते. वेग एकदम वाढविला तर हा झोक हाताला जाणवतो, आणि अरुंद स्टँड त्याने हलतो.

टाकीविषयी दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे. ती एंजिनाच्या धुराड्याच्या बाजूस कधीही नसावी, आणि तिची तोटी अशा ठिकाणी असावी की आग लागली असता एंजिनावरून हात न नेता ती बंद करता येईल. एका दुकानात मी प्लास्टिकच्या बाटलीतून नळी काढून ती बाटली सुतळीने वर बांधलेली पाहिली आहे. त्या दुकानाचे नाव घेत नाही. वाळूची बादली तेथे नव्हती, हे मात्र सांगतो. धूर नळीने दुकानाबाहेर नेला पाहिजे. पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणसाला झोप आल्यासारखे होते आणि त्या झोपेतून तो उठत नाही.

आणि एंजिन बंद कसे करावयाचे? पेट्रोलच्या एंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबते. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, म्हणून त्याचे इंधन तोडावे लागते. पण क्वचित असा प्रसंग येतो की इंधन तोडूनही डिझेल थांबत नाही. टाकीत वंगण प्रमाणाबाहेर भरले असेल, किंवा टर्बोचे सील गळत असेल, तर एंजिन स्वतःचेच वंगण ओढून जाळू लागते आणि त्याचा वेग चढतच जातो. त्या वेळी किल्लीचा उपयोग नसतो. हवा कोंडली तरच ते थांबते. म्हणून डिझेलच्या स्टँडवर हवेच्या नळीच्या तोंडाशी एक झडप असावी, किंवा निदान त्या मापाची जाड फळी हाताशी असावी. हात किंवा फडके मात्र तेथे कधीही नेऊ नये. एंजिन ते आत ओढून घेईल. फ्लायव्हीलभोवती जाळी हवी, आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

आता एंजिन सुरू करण्यापूर्वी इंजेक्टर किंवा प्लग काढून ते स्टार्टरने नुसते फिरवावे, म्हणजे तेल सर्व वाटांनी चढते व मीटरवर दाब दिसू लागतो. मग प्लग बसवून सुरुवात. मंद वेगात तापलेल्या एंजिनाला साधारण एक किलो तेलाचा दाब आणि चढ्या वेगात तीन ते चार किलो असावा. नक्की आकडा त्या एंजिनाच्या पुस्तकात पाहावा. पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापू द्यावे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात काय ते पाहावे, आवाज ऐकावा आणि सांध्यांना बोट लावीत फिरावे. शेजाऱ्यांच्या जीपचे ते सील येथे पंधरा मिनिटांत बोलले असते.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु एंजिन स्टँडवर गोड आवाजात चालले म्हणजे ते उत्तम झाले, असे समजणे चूक आहे. आमच्या कोल्हापूरच्या माणसाला हे कुस्तीच्या भाषेत चटकन समजते. पैलवान आखाड्यात उभा आहे, अंग घोटीव आहे, मिशीला पीळ आहे. पण जोड भेटल्यावाचून त्याचे बळ कोणी सांगावे? रिकामे चालणारे एंजिन हे बिनजोडीच्या पैलवानासारखे असते. त्याचा दम त्याला भार दिल्यावरच कळतो.

इतकेच नव्हे, तर नव्या रिंगांचे एंजिन तासन्‌तास रिकामे चालविण्याने अपाय होतो. रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर दाबल्या जातात त्या बव्हंशी जळलेल्या वायूच्या दाबाने. भार नसेल तर तो दाब नाही; मग रिंगा भिंतीशी झिजून एकजीव होत नाहीत, भिंत काचेसारखी गुळगुळीत बनते आणि पुढे एंजिन जन्मभर तेल खाते. "सर, मी चांगले दोन दिवस मंद ठेवून चालवतो, म्हणजे नीट बसतं," असे अभिमानाने सांगणारे कारागीर मला भेटले आहेत. त्यांची निष्ठा खरी असते, हिशेब उलटा असतो. वीस-तीस मिनिटे गळती आणि आवाज पाहण्यापुरते रिकामे चालवावे, पुढे भार.

हा भार कसा द्यावा आणि कसा मोजावा, हा या विषयातला मला सर्वांत गोड वाटलेला भाग आहे. आपल्याकडे विहिरीवर मोट असे. समजा, मोटेत १५० लिटर, म्हणजे १५० किलो पाणी आहे, विहीर १० मीटर खोल आहे आणि बैलांनी ती ४० सेकंदांत वर आणली. १५० ला १० ने गुणून ४० ने भागले की साडेसदतीस येतात. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलणे याला एक अश्वशक्ती म्हणतात. तेव्हा त्या मोटेचे काम अर्ध्या अश्वशक्तीचे झाले. जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या एंजिनांसाठी हे माप ठरविले ते मिनिटास ३३,००० फूट-पौंड या हिशेबाने. किलो आणि मीटरमध्ये ते ७५ च्या जवळ येते. काम मोजावयाचे तर ओढ किती आणि वेग किती, ही दोनच अंगे.

फिरणाऱ्या दांड्याची ओढ मोजण्याची युक्ती गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली काढली. एंजिनाच्या दांड्यावर एक डबा बसवावयाचा. त्याला दोन बाजूंनी लाकडी ठोकळे आवळावयाचे आणि त्या ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडावयाची. डबा फिरताना ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहतो. दांडीचे टोक तराजूवर टेकलेले असते म्हणून ती फिरू शकत नाही, आणि तराजू ती ओढ दाखवितो. यात एक सुंदर सोय अशी की, दांड्याच्या मध्यापासून तराजूपर्यंतची लांबी बरोबर ७१६ मिलिमीटर ठेवली, तर तराजूवरचे किलो आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून १००० ने भागले की थेट अश्वशक्ती मिळते. तराजूवर १० किलो आणि मिनिटास १५०० फेरे, म्हणजे १५ अश्वशक्ती. दांडीचे स्वतःचे वजन आधी तोलून वजा करावे, इतकेच. सातवीतील मुलाला करता येईल असे हे गणित आहे, आणि मी ते तशा मुलांकडून करवून घेतले आहे.

अर्थात ही सर्व शक्ती घासण्याने उष्णतेत जाते. १५ अश्वशक्ती म्हणजे आपल्या न्हाणीघरातील दोन किलोवॅटचे पाच-सहा गीझर एकदम लावावेत इतकी उष्णता. ठोकळे धुमसू लागतात. म्हणून डब्याला आतून पाणी खेळते ठेवावे लागते आणि अशी चाचणी मिनिटांत संपवावी लागते. मोठ्या एंजिनांना ही युक्ती पुरी पडेना तेव्हा १८७७ साली विल्यम फ्रूड याने जहाजांच्या एंजिनांसाठी पाण्याचा ब्रेक तयार केला; त्यात लाकडाऐवजी पाणीच अडथळा करते आणि तेच उष्णता वाहून नेते. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या एंजिनांची जी तपासणी होते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. तराजूच्या जागी विजेची सूक्ष्म उपकरणे आली आहेत एवढेच.

खेडेगावच्या दुकानदाराने प्रोनीच्या खटाटोपात न पडताही भार देता येतो. आमच्या भागात नदीकाठी पंपांना तोटा नाही. एंजिनाला जुना सेंट्रिफ्यूगल पंप जोडून हौदातले पाणी हौदातच फिरवीत ठेवले की भार झाला. यात एक गंमत आहे. पंपाच्या बाहेरच्या नळाची झडप बंद करीत नेली तर एंजिनाला जड जाईल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात अशा पंपाचा भार झडप मिटल्याने कमी होतो आणि उघडल्याने वाढतो, कारण पाणी जितके कमी वाहील तितके काम कमी. शिवाय वेग निम्मा केला तर भार जवळजवळ आठव्या हिश्शावर येतो. म्हणून मंद वेगात पंप जोडून "भार दिला" म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

आता मूळ प्रश्न: विकत की घरी? कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर इतर ठिकाणांहून थोडे वेगळे येते. येथे शिवाजी उद्यमनगरासारखी वसाहत आहे, ओतीव लोखंडाचा मोठा धंदा आहे, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केल्यापासून या कृष्णाकाठाला लोखंडाची सवय लागली आहे. पुण्यास १९४६ साली निघालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा एक कारखाना आज कागलजवळ आहे. चॅनेल कापून काटकोनात जोडणारा माणूस येथे हाकेच्या अंतरावर मिळतो. तेव्हा ज्याच्याकडे एकाच घराण्याची दोन-तीन जातींची एंजिने फिरून फिरून येतात, त्याने स्टँड स्वतः करवून घ्यावा. चौकटीवर पुढे-मागे सरकणारे आडवे आधार ठेवले म्हणजे तीनही जाती एकाच स्टँडवर बसतात. दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. चौकटीच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या मारल्यावाचून सोडू नये, कारण थरथरीने वेल्डिंग प्रथम तेथेच तडकते. आणि मीटर जुन्या बाजारातून आणू नयेत. खोटा दाब दाखविणारे मीटर नसल्याहून वाईट.

ज्याच्याकडे नाना प्रकारची एंजिने येतात, किंवा ज्याला गिऱ्हाइकाच्या हाती अश्वशक्तीचा आकडा द्यावयाचा आहे, त्याने तयार स्टँडच घ्यावा. घेताना तो मोजमापाचा आहे की केवळ चालविण्याचा, किती वजनाचा भार सोसतो, आणि मोजमापाचा असल्यास त्याचा तराजू पुन्हा पारखून कोण देणार, हे लिहून घ्यावे.

अलीकडच्या मोटारींचा प्रकार निराळाच आहे. २०२० च्या एप्रिलपासून देशात भारत स्टेज सहाचे नियम आले. या गाड्यांचे एंजिन एका लहानशा संगणकाच्या हुकमतीत चालते; त्याला किल्लीची ओळख पटावी लागते, पायाखालच्या पेडलची तार लागते, धुराड्यातील संवेदकांचा निरोप लागतो. असे एंजिन लोखंडी चौकटीवर ठेवून बॅटरी लावली तर ते बहुधा ठिणगीही टाकणार नाही. गाडीतील सगळे तारांचे जाळे काढून स्टँडवर आणणे हे गल्लीतील दुकानाचे काम नव्हे. कारखान्यांनीसुद्धा वेगळी वाट काढली आहे. कित्येक ठिकाणी नवे एंजिन इंधन न घालता विजेच्या मोटरीने फिरवितात आणि फिरविण्यास किती जोर लागतो, दाब कोठे किती उठतो, यावरून दोष ओळखतात. ही कल्पना आपल्या दुकानदारानेही थोडीफार उचलण्याजोगी आहे. स्टार्टरने फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजण्याचे लहान मीटर फार महाग नसते.

आणि ज्यांना स्टँड घ्यावयाचाही नाही आणि करावयाचाही नाही, त्या घरच्या मंडळींनी दुरुस्ती ठरवितानाच तीन प्रश्न विचारावेत: एंजिन गाडीत जाण्यापूर्वी बाहेर चालविणार काय, त्या वेळी मी आलो तर चालेल काय, आणि तेलाचा दाब किती आला तो बिलावर लिहून द्याल काय. उत्तर देताना कारागिराचा चेहरा पाहावा.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी स्टँड घरीच केला. ७१६ मिलिमीटरची दांडी त्याने माझ्यासमोर मोजून कापली. चौकटीच्या चार कोपऱ्यांना त्याने जाड कड्या लावल्या आहेत आणि छपराच्या तुळईला चेन-पुली कायमची अडकविली आहे. मी विचारले, "या कड्या कशाला रे?" तो म्हणाला, "सर, पाणी घाटावर चढलं की स्टँड एंजिनासकट वर ओढून घ्यायचा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण आहे भिंतीवर." मी पाहिले. कड्यांपासून तुळईपर्यंतची साखळी त्याने त्या खुणेच्या हिशेबानेच घेतली होती, वर हातभर अधिक ठेवून.